दादाचा टॅब भंगारात जाणार नाही

साउंडवाल्याकडे किस्से वायरसारखे साचतात. नीट गुंडाळून ठेवा, बाहेर काढताना गुंता होऊनच येतात. आमच्या बोरिवलीच्या ऑर्केस्ट्राचे अर्धे किस्से तर एकाच टॅबचे आहेत. माझ्या दादाच्या टॅबचे.

दादा आमचा साउंड बघायचा. या शिमग्यानंतर तो गेला. कसा गेला ते विचारू नका, सांगणार नाही. टॅबचं विचारा, हवं तेवढं सांगतो!

आमचा मिक्सर म्हणजे स्टेजवर ठेवलेला एक डबा. त्याला फिरवायला बटणंच नाहीत. कोणाचा आवाज वर, कोणाचा खाली, सगळं टॅबवरच्या ॲपमधून, वायफायवर. टॅब सेकंडहँड घेतला तेव्हाच म्हातारा होता. काच तडकलेली, नवीन ॲप त्याच्यात चढतच नाही. म्हणून जुनंच ॲप. स्क्रीनवर 'अपडेट करा' आलं की दादा त्याला म्हणायचा, "तू कर आधी!"

*

पहिल्याच प्रोग्रामला, गाणं ऐन रंगात असताना टॅब बंद पडला. आमच्या गायिका मंदाताईंनी दादाच्या हातातली काळी स्क्रीन बघितली आणि माइकवर ओरडल्या, "आवाज गेला! अरे, आवाज गेला!"

ते सगळ्या हॉलला खणखणीत ऐकू आलं.

दादा शांत. म्हणाला, "ताई, रिमोट बंद पडला म्हणून टीव्ही बंद पडतो का? डब्यात शेवटचं लावलेलं तसंच राहतं. गा तुम्ही!"

*

मढच्या एका बंगल्यावर हळद होती. दुपारचं ऊन, टॅब तापून गरम तवा. दादाने तो सरळ कोकम सरबताच्या बर्फावर ठेवला. टॅब थंड झाला, पण काचेवर पाण्याचे थेंब. टॅबला वाटलं बोटंच फिरतायत! आमच्या कीबोर्डवाल्या नित्याचा आवाज आपोआप वर, वर, वर. नित्या खूश. उठून दादाला वाकून नमस्कार केला.

"आज माझी कदर झाली यार!"

"माझे नको, बर्फाचे आभार मान," दादा म्हणाला.

*

आता काका. परबकाका म्हणजे ग्रुपचे मालक आणि मुख्य गायक. मूळ मालवणकडचे, रागावले की मालवणीच बोलतात. प्रत्येक गाण्याला हात वर करून एकच मागणी, "माझा वाढव रे!" असं वाढवतच गेलं की काय होतं? स्पीकरमधून शिट्टी वाजते. आवाज गायकाचा, पण शिट्टी मात्र साउंडवाल्याची!

टॅबच्या काचेची उजवीकडची एक पट्टी मेली होती. बोट लावलं तरी काही हलायचं नाही. दादाने काय केलं? तालमीत काकांचा आवाज नीट बसवायचा, मग ॲपचं पान सरकवून काकांचं आवाजाचं बटण बरोबर त्या मेलेल्या पट्टीत आणून ठेवायचं. प्रोग्राममध्ये काका म्हणाले "वाढव", की दादा त्या पट्टीवर सावकाश बोट वर न्यायचा. ओठ चावून, डोळे बारीक करून. हलायचं काहीच नाही.

काका मान डोलवायचे. "हां, आता बरोबर!"

वर्षानुवर्षं!

*

दादा गेल्यावर मी टॅब घेतला. सातवीत शाळा सोडलेला मी, पण दादाच्या शेजारी बसून सगळं बघितलेलं. बॅटरी फुगली म्हणून अंधेरीला एका दुकानात गेलो. दुकानदार हसला. "इसको छोड़ दो भाई, नया लो."

मी म्हटलं, "बॅटरी मागितली, सल्ला नाही!" आणि टॅब हिसकावून निघालो. घरी आल्यावर लक्षात आलं, मागचं झाकण त्याच्याच काउंटरवर राहिलं. परत गेलो नाही. पुठ्ठा लावला, वर चिकटपट्टी. दुसऱ्या दुकानातून बॅटरी आणली.

सगळे मागे लागले, नवीन घे. कशाला घेऊ? प्रत्येकाचा आवाज दादाने बसवून ह्याच टॅबमध्ये ठेवलाय. नवीन टॅबचं नवीन ॲप ते उघडतच नाही. मी करून बघितलंय. नित्याच्या टॅबवर उघडायला गेलो तर सगळं कोरं. त्या दिवशी मी जेवलो नाही.

काकांना स्पष्ट सांगितलं, "हा गेला तर मीपण गेलो."

काका भडकले. "मेल्या, माझो धंदो आसा हो! टॅब ज्या दिवशी प्रोग्रामात बंद पडतलो, त्या दिवशी भंगारात जातलो. आणि साउंडवालो मी भायरसून आणतलंय!"

"बघू!" मी म्हटलं.

*

मग घाटकोपरचा हॉल. काकांचंच गाणं. पहिलं कडवं झालं आणि टॅब गेला. बटण दाबलं, चार्जर हलवला, पुठ्ठ्यावर थापट्या मारल्या. काही नाही. काळा.

आवाज मात्र चालू होता. दादाने लावलेला, तसाच.

मी टॅब छातीशी धरून उभा. मंदाताईंनी बघितलं, पण ह्या वेळी ओरडल्या नाहीत. त्यांनी काकांकडे बघितलं. म्युझिकचा तुकडा चालू होता, काका माइक ठेवून स्टेजवरून खाली उतरून सरळ माझ्यासमोर आले. मी टॅब लपवला नाही. उलट त्यांच्यासमोर धरला. घ्या, टाका भंगारात!

काकांनी काळ्या काचेकडे बघितलं. मग माझ्याकडे. परत वर गेले, माइक हातात घेतला आणि हात वर केला.

"माझा थोडा वाढव रे!"

मी ओठ चावला, डोळे बारीक केले आणि काळ्या काचेवर सावकाश बोट वर नेलं.

काकांनी मान डोलावली.

"हां," ते सगळ्या हॉलसमोर म्हणाले, "आता बरोबर!"