डोंगरातून आलेलं उत्तर

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नॉर्वेत भूगर्भशास्त्र शिकत होते आणि आमच्या वर्गाची फील्ड ट्रिप निघाली ती नेमकी माझ्या घराकडे. आई-बाबा दुबईत, माझी शाळा तिथल्याच ऊद मेथा भागातली; पण अल ऐनपलीकडच्या डोंगरांत मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. समुद्रतळाखालचा काळा खडक तिथे उघड्यावर आलाय. तो बघायला आम्ही अकरा जण त्या सकाळी पहिल्यांदाच तिथे पोचलो.

सरांनी प्रत्येकाला एकेक कोरडा ओहोळ वाटून दिला. माझ्या ओहोळात होकायंत्राची सुई ठरेचना. खडकातल्या लोहामुळे असं होतं, हे मला ठाऊक होतं. तरी झाड नाही, पाखरू नाही अशा जागी उत्तर दिशा हलताना बघून मी होकायंत्र मिटून खिशात टाकलं.

नमुना काढायला मी हातोडीचे दोन घाव घातले. थोड्या वेळाने डोंगरामागून दोन घाव ऐकू आले. प्रतिध्वनी असणार, म्हणून मी मुद्दाम तीन घातले. बराच वेळ काहीच नाही. मग तीन आले, सावकाश. आणि मी हातही हलवला नसताना चौथा.

वर्गातलं कोणी चेष्टा करतंय असं समजून मी वळण ओलांडलं. तिथे बंद पडलेला खडी क्रशर होता, शेजारी पत्र्याची खोली, आणि सावलीत सळई घेऊन बसलेला, दाढी वाढलेला एक माणूस. तो माझ्या तोंडाकडे नाही, पायांकडे बघत होता.

"सरळ आहेत," तो स्वतःशीच पुटपुटला. मराठीत.

"तुम्ही मराठी?" मी विचारलं.

त्याच्या हातातली सळई गळून पडली. तो रत्नागिरीकडचा, क्रशरवरचा मेकॅनिक. काम बंद झालं तेव्हा कंपनीने त्याला यंत्रं राखायला ठेवलं आणि पासपोर्ट स्वतःकडे. पंधरवड्याला पाण्याचा टँकर येई, ड्रायव्हर पीठ-डाळ उतरवून निघून जाई. पाचवा महिना चालू होता.

"घाबरू नका, वाजवणारी मीच होते," मी म्हटलं.

"आज तुम्ही असाल, ताई. पण हे रोजचं आहे. दीड महिना झाला. मी वाजवतो, ते उत्तर देतं."

"आमच्याबरोबर चला."

"मी गेलो आणि ते वाजवत राहिलं तर?" त्याने अगदी साधेपणाने विचारलं.

मी सरांना बोलावून आणलं. त्यांना ना मराठी येत होती, ना हिंदी. त्यांनी नुसता त्याचा हात धरला आणि त्याला आमच्या मिनीबसपर्यंत आणलं. सगळे चढले. गाडी सुरू करणार तोच डोंगरातून एक घाव ऐकू आला.

"दगड तापला की तडकतो," सर म्हणाले. पण त्यांनी आम्हाला दोनदा मोजलं. आम्ही अकराच्या अकरा गाडीतच होतो.

बाबांनी त्याची दुबईच्या देरा भागातल्या कोकणी मंडळींच्या खोलीत सोय केली. कंपनीचा माणूस फोनवर रोज "इन्शाल्ला, टुमॉरो" म्हणायचा. शेवटी बाबा मेकॅनिकला घेऊन भारतीय वकिलातीत गेले, तेव्हा कुठे पासपोर्ट हाती आला. मी तोवर नॉर्वेला परतले होते. तो गावी परत निघाला त्या दिवशी बाबांनी फोन केला. आईने दिलेला लाडवांचा डबा तो विमानतळाच्या आत जाईपर्यंत छातीशी धरून होता, म्हणाले.