अख्खी पत्ती, कणी आणि भुकटी

आम्ही जव्हारकडची वांगणी सोडली त्या सकाळी आई दारात आली नाही. ती घरामागं नागली दळत बसली होती. मी निरोप घ्यायला गेले, तर जात्याचा खुंटा न सोडता म्हणाली, "पीठ घेऊन जा. तठं भाकर कोण देल?" मी पीठ बांधून घेतलं. माझा नवरा जान्या तोवर पुढं चालू लागला होता.

त्या साली रोग येऊन आमचे दोन्ही बैल मेले होते. नांगर कशाच्या जोरावर धरायचा? जव्हारच्या बाजारात लाकडाच्या ठेकेदाराचा माणूस जान्याला म्हणाला, मुंबईला बंदरावर पेट्या वाहायला दणकट गडी लागतात. तेव्हा जव्हारला राजाचं राज्य होतं. राजवाडा लांबून बघितला, घाट उतरलो आणि डहाणूला आगगाडीत बसलो.

मला लिहिता येत नाही. शेजारच्या खोलीतली पोर शाळेत जाते, ती लिहून घेते आहे. वांगणीत जे राहिले आणि माझ्यासारखे जे निघून आले, त्यांना कुणी वाचून दाखवलं तर बरं होईल.

बंदराजवळच्या गुदामात चहा यायचा. लाकडाच्या पेट्या, आतून शिशाचा पातळ पत्रा. जान्या त्या पाठीवर घेऊन आत आणायचा आणि आम्ही बायका चाळणीवर बसायचो. तोवर चहा मी कधी पाहिलाही नव्हता. आमची मुकादमीण भागीरथी मालवणकडची. तिनं पहिल्या दिवशी मला विचारलं, "तुमच्याकडे भात कांडतात ना?"

"कांडतात."

"मग सुपात काय काय वेगळं होतं?"

मी म्हटलं, "अख्खा तांदूळ, कणी, कोंडा."

"इथंही तसंच. फक्त काळं आहे."

खरंच तसंच होतं. वरच्या मोठ्या भोकांच्या चाळणीत पीळ पडलेलं अख्खं पान राहायचं. त्याखाली तुटकं पान, त्याला ब्रोकन म्हणायचे. त्याखाली कणी, आणि सगळ्यात खाली भुकटी, म्हणजे डस्ट. कोवळ्या कळीची सोनेरी टोकं दिसली तर ती पेटी वेगळी ठेवायची. कारकून छाप वाचून ओरडायचा, "ऑरेंज पेको." ऑरेंज म्हणजे संत्रं, हे मला कुणीतरी सांगितलं, म्हणून मी पेटीत नाक घालून हुंगलं. भागीरथी हसली. "संत्रं नाही गं त्यात. अख्ख्या पानाचं ते नुसतं नाव."

भुकटी म्हणजे टाकाऊ, असं मी कितीतरी दिवस धरून चालले होते. आमच्याकडे चांगला तांदूळ बाजारात जायचा आणि कणी आमच्या पोटात, म्हणून तसं वाटलं असेल. एकदा दुपारच्या सुट्टीत भागीरथीनं एकाच बागेची अख्खी पत्ती आणि भुकटी दोन भांड्यांत भिजवली. भुकटी लगेच काळी झाली, तोंडाला कडक लागली. पत्तीला वेळ लागला, रंग फिका आला, पण वास सुंदर. ती म्हणाली, "झाड एकच, खुडलं एकाच दिवशी. चाळणीनं लहान-मोठं ठरतं. चवीचं चाळणीला काय कळतंय?" एखाद्या चांगल्या बागेची भुकटी वाईट बागेच्या अख्ख्या पत्तीहून सरस निघते, हेही मी पुढं जिभेवर शिकले. पण अख्खी पत्ती साहेबांकडं जायची आणि भुकटी गिरणीतल्या कामगारांकडं, त्यात बदल झाला नाही. भुकटीची धूळ आमच्या घशातही जायची. रात्री खोकला यायचा.

दुसऱ्या पावसाळ्यात जान्या गेला. बोटीवरून धक्क्यावर टाकलेली फळी ओली होती. पाठीवर पेटी घेऊन उतरताना त्याचा पाय सरकला आणि तो बोट नि धक्क्याच्या मधल्या पाण्यात पडला. पेटी आधी वर काढली, कारण ती तरंगत होती. त्याला काढायला उशीर झाला. मला बोलावलं तेव्हा माझे हात कोपरापर्यंत काळे होते. तशाच हातांनी मी त्याचं तोंड पुसलं.

भाऊ मला न्यायला आला. निघताना भागीरथीनं अख्खी पत्ती फडक्यात बांधून दिली. घरी आईनं ती पालेभाजीसारखी रटरट शिजवली, एक घोट घेतला आणि थुंकली. "कडू पाला. ह्याच्यासाठी जान्या गेला?" तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं.

भावानं मोखाड्याकडच्या एका माणसाशी माझा पाट ठरवत आणला. त्याला पहिली बायको होती, पोरं होती. भाऊ म्हणाला, "एकटी बाई किती दिस ऱ्हाणार?" मी म्हटलं, "मला गुदामात काम आहे." दुसऱ्या दिवशी मी निघाले. ह्या खेपेला आई शेताच्या बांधापर्यंत आली. ती गेल्याचं मला एका लाकडाच्या गाडीवाल्याकडून कळलं, तेव्हा पाऊस संपून गेला होता.

भागीरथीच्या मागं मुकादमीण मी झाले. आता जव्हार-मोखाड्याच्या पोरी येतात, त्यांना मी भाताचंच उदाहरण देते. त्यांना लगेच कळतं.

मागच्या वर्षी मी वांगणीला जाऊन आले. भाऊही राहिला नव्हता. आमचं कुडाचं घर मोडून वर माळावर नवं बांधलं होतं. जुन्या जागी वरई पेरली होती. चूल कुठं होती, ते मला काही केल्या ओळखता येईना. वरून एक तरणी बाई कडेवर पोर घेऊन उतरली. भावाची सून असावी.

"कुणाकडं आल्यात, बाई?"

मी आईचं नाव सांगितलं. तिनं थोडा विचार केला. "त्या नावाचं इथं कुणी नाही," म्हणाली आणि उन्हात उभी आहे म्हणून मला सावलीत बसायला सांगितलं.

मी कोण ते तिला सांगितलं नाही. संध्याकाळच्या आत जव्हारला पोचले.

घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मला आता जागा दाखवता येत नाही. माझ्या आईचं नाव जिवली होतं. लिहिणाऱ्या पोरीला मी ते दोनदा लिहायला सांगितलं आहे. जिवली.