मोदकाची पिठी आणि शेजारचं पाणी

सन दोन हजार बावीस. मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो आणि कोथरूडातली माझी पिठाची गिरणी माझ्याच हातानं चालवत होतो. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण दळणातलं मला शिकवील असा माणूस अजून भेटायचाय.

गिरणीच्या शेजारी पूर्वी मोकळा माळ होता. टेकडीवरून उतरलेलं पाणी त्यात मुरायचं, उरलेलं कडेच्या चरातून ओढ्याला जायचं. मग तिथं बारा मजले उभे राहिले. माळावर सिमेंट, चरावर सिमेंट, वर गाड्या. पाण्याला वाट उरली ती त्यांच्या फाटकातून, आणि फाटकाचा उतार थेट माझ्या दारात. दोन पावसाळे माझी मोटार भिजली.

मुलगा खराडीला कंपनीत आहे. त्यानं तंबी दिली, की यंदा पाण्यापायी एक जरी डबा न दळता परत गेला तर गिरणी बंद, गाळा मोबाईलवाल्याला भाड्यानं. मी लगेच कबूल केलं. माझ्याकडून डबा तसाच परत जात नाही, ही माझी मिजास.

गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी मोदकाच्या पिठीला रांग लागते. धुऊन वाळवलेला आंबेमोहोर, बायका डबा नजरेआड होऊ देत नाहीत. त्या दुपारी पाऊस कोसळला आणि थांबला. थांबला तो पाऊस, पाणी नाही. फाटकातून लोंढा येतच राहिला. गिरणीत घोटाभर पाणी झालं तसा मी मेन स्विच पाडला. डबे फळीवर रचले, बायका पायरीवर चढून उभ्या राहिल्या. घरी कुणीच जाईना. उद्या बाप्पाला काय बिस्किटं दाखवायची का, असं एक जण दुसरीला विचारत होती.

रांगेत त्या बारा मजल्यांचे चेअरमन होते, सोबत त्यांच्या आई. मी चेअरमनना सांगितलं, फाटकाला वाळूची पोती लावा, पाणी तुमच्याकडं थांबवा, मी मोटार सुरू करतो.

"म्हणजे आमच्या गाड्या पाण्यात?"

"पूर्वी त्या जागेचं पाणी त्याच जागेत राहायचं. तेव्हा तुम्ही नव्हता."

ते तडकले. म्हणाले, "माझा डबा द्या परत. दुसरीकडं दळून घेईन."

आता आली का पंचाईत! हा एक डबा गेला की गिरणी गेली. मी फळीवरून त्यांचा डबा काढला आणि पोटाशी धरून उभा राहिलो. ते हात पुढं करताहेत, मी मागं सरकतोय. बायका हसायला लागल्या.

शेवटी त्यांच्या आई मुलाला म्हणाल्या, "तू पोती लाव. आणि अहो गिरणीवाले, डबा सोडा. भांडण अनंत चतुर्दशीपर्यंत चालू द्या हवं तर, पण पिठी मला आज हवीय."

आईपुढं चेअरमन म्हणजे काय, साधा पोरगाच. मी रिकामी पोती दिली, वाळू त्यांच्या आवारातलीच. ते पोती घेऊन निघाले तेव्हा म्हाताऱ्या बाईंनी त्यांच्याकडून चर पुन्हा उघडायचा शब्दही घेतला. ते सवडीनं म्हणत होते. त्या म्हणाल्या, सवड ज्याची त्याला, शब्द आत्ता.

लोंढा थांबला. आम्ही सगळ्यांनी मिळून खराट्यानं गिरणी कोरडी केली. मोटार भिजली नव्हती. पहिला डबा मी चेअरमनचाच लावला, मेहेरबानी म्हणून नाही, पुन्हा परत मागू नये म्हणून. दिवेलागणीपर्यंत फळी रिकामी झाली. मुलाला फोन करून सांगितलं, एकही डबा परत गेला नाही. तो "बरं" म्हणाला. एवढंच म्हणाला, पण मोबाईलवाल्याचं नाव पुन्हा काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चेअरमनच्या घरची आरती व्हायच्या आत, मी पहार खांद्यावर टाकून त्यांच्या आवारात गेलो. वॉचमन आडवा आला. त्याला म्हटलं, चर उघडायचा शब्द साहेबांनी दिलाय, सवड त्यांना नाही, मला आहे. आणि सिमेंटवर पहिला घाव घातला.