चुक्कलु म्हणजे ठिपके

पहिल्या संध्याकाळी मी धूमकेतूचे आठ फोटो काढले आणि आठही वेळा लेन्सवर टोपण होतं. आदिलाबादजवळच्या गुडीहत्नूरला माझा स्वतःचा फोटो स्टुडिओ, लग्नं-बारशांचा दहा-बारा वर्षांचा अनुभव, आणि पाटीवर ‘कलर स्पेशालिस्ट’ असं मीच रंगवलेलं. घरी कुणाला काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेल्या रानात जाऊन तिपाई रोवली.

फोटो हवा होता बायकोला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तिला सातवा महिना, आणि आकाशात शेपटीचा तारा दिसायला लागल्यापासून माझ्या आईनं दिवेलागणीनंतर तिचं अंगणात जाणं बंद केलेलं. पोटुशीनं असलं काही बघायचं नसतं. खिडकीलासुद्धा गोणपाट. सगळा मोहल्ला रोज संध्याकाळी माना वर करून उभा, आणि ही आत. शेजारणी येऊन वर्णन करायच्या. एक म्हणे केरसुणीएवढा, दुसरी म्हणे बोटभर. ती एरवी काही मागत नाही. “मले फोटोत तरी दाखवा,” एवढंच म्हणाली. आईनंही हरकत घेतली नाही. फोटोतला तारा बाधत नाही, असा निकाल तिनंच दिला.

शटर किती वेळ उघडं ठेवायचं हे हायस्कूलच्या विज्ञानाच्या सारांनी सांगितलं होतं. सार तिकडे वरंगलकडचे, तेलुगू बोलणारे. माझं तेलुगू आठवडी बाजारापुरतं, पण मी ते बेधडक वापरत असे.

रोल आदिलाबादच्या एका लॅबला दिला. तो यायला तीन आठवडे गेले, तोवर धूमकेतू मावळतीच्या उजेडात बुडून दिसेनासा झाला होता. प्रिंट एकच आली, तीही बिघडलेली. धूमकेतू होता, पण आकाश काळं नव्हतंच. लाल, हिरवे, निळे बारीक दाणे, गोवर उठावा तसे सगळीकडे. निगेटिव्ह बघितली तर ती मधोमध कापलेली. सगळंच अंधाराचं चित्र. एक फ्रेम कुठं संपते नि दुसरी कुठं सुरू होते हे लॅबवाल्याला कळलं नसणार, त्यानं अंदाजानं कात्री चालवली. म्हणजे आता जगात ती एकच प्रिंट.

शाळेकडे निघालेल्या सारांना हाक मारून दाखवली. ते म्हणाले, फिल्मला उजेड कमी पडला, मशीननं ओढून उजळवलं, म्हणून तिचे दाणे रंगीत होऊन वर आले. मग जाता जाता म्हणाले, “रंगुलु तीसेयंडी. चुक्कलु...” तेवढ्यात हायवेवरून ट्रक गेला, आणि शेवटी मला ऐकू आलं, “...वद्दु.”

तीसेयंडी म्हणजे काढा. वद्दु म्हणजे नको. आणि चुक्कलु तर मला पक्कं माहीत होतं, शेजारची बाई दारात मुग्गू, म्हणजे रांगोळी, काढताना मांडते ते ठिपके. रंग काढा, ठिपके नकोत. सरळ होतं.

ठिपके काढणं हे तर माझं खास काम. पासपोर्ट फोटोतल्या देवीच्या व्रणांपासून नवरीच्या गालावरच्या तिळापर्यंत मी काय काय पुसलं होतं. तीन दुपारी डोळ्याला भिंग लावून, तीन केसांचा ब्रश घेऊन बसलो. लाल गेले, हिरवे गेले, निळे गेले. पांढरे भारी हट्टी, त्यांना काळ्याचे दोन-दोन हात द्यावे लागले. एका कोपऱ्यात पाच ठिपके वाकड्यातिकड्या ओळीत होते. लॅबवाल्यानं ब्रश झटकला असेल, असं म्हणत तेही घालवले. ती शर्मिष्ठा होती, हे पुढे कळलं. धूमकेतूच्या शेपटीची कडही जरा नीट करून दिली.

चौथ्या दिवशी सारांना दाखवायला प्रिंट समोर धरली.

“चुक्कलु एक्कड?” त्यांनी हळूच विचारलं. कुठं आहेत?

“तीसेशा, सार,” मी म्हणालो. काढले. सगळे.

सार फोटो काढायच्या स्टुलावर बसले. मग मराठीत, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, “मी म्हणालो, चुक्कलु मुट्टुकोवद्दु. हात लावू नका.” आणि पुढे म्हणाले, “आमच्यात ठिपक्याला चुक्का म्हणतात. ताऱ्याला पण चुक्काच.”

माझा ब्रश अजून कानावर होता, तो काढायचंही सुचलं नाही. ओला कापूस फिरवून बघितला. काळा निघेना, उलट प्रिंटचा पापुद्रा सुटायला लागला.

घरी गेलो. काय सांगावं ते ठरेना, म्हणून नुसती प्रिंट बायकोच्या हातात दिली. काळ्याकुट्ट कागदावर एक चुन्याचा फराटा. ती चुलीच्या उजेडात धरून बघायला लागली.

“काऊन हो, तारे नव्हते का त्या दिशी?”

“होते,” मी म्हणालो. “म्या पुसले.” आणि सगळं सांगून टाकलं, ट्रकपासून त्या पाच ताऱ्यांच्या शर्मिष्ठेपर्यंत. मला वाटलं होतं ती हसेल, किंवा निदान चिडेल. तिनं प्रिंट पदरानं पुसली, माझ्या हातात परत दिली.

“इतकं काळं तं,” ती म्हणाली, “मले घरात बसूनच दिसून राह्यलं व्हतं.”