भिडेखातर घेतलेल्या पॉलिस्या

दर मार्चला नवऱ्याचे आतेभाऊ आमच्या कामोठ्याच्या घरी यायचे. एरवी दिवाळीलाही न फिरकणारा माणूस, पण मार्च लागला की पिशवीत फॉर्म घालून हजर. ते विम्याचे एजंट. मी पोहे करायचे, ते सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारायचे आणि बशी रिकामी झाली की म्हणायचे, "वहिनी, यंदा टॅक्स वाचवायला काय केलंत?" आम्ही काहीच केलेलं नसायचं. नवरा मुकाट्याने सही करायचा. नात्यातल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? पैशाचं नियोजन म्हणून आमच्याकडे जे होतं, ते इतकंच.

मुलगी बारावीला गेली. तिला फिजिओथेरपी करायची होती आणि त्या कॉलेजांच्या फीचे आकडे घरात ऐकू यायला लागले. तेव्हा मी कपाटातून सगळ्या पॉलिस्या काढल्या आणि पहिल्यांदाच नीट वाचल्या. तिच्या शिक्षणासाठी म्हणून घेतलेली पॉलिसी ती पंचवीस वर्षांची झाल्यावर पैसे देणार होती. मध्येच मोडावी, तर भरलेले पैसेसुद्धा पुरते हाती येत नव्हते. मला रडू आलं नाही, नुसता थकवा आला. दोघांनी इतकी वर्षं नोकऱ्या केल्या, आणि गरजेच्या वेळी आपलेच पैसे आपल्या उपयोगाचे नाहीत.

मग शिकायचं ठरवलं. सोसायटीच्या हॉलमध्ये आर्थिक साक्षरतेचं शिबिर होतं, तिथे गेले. आधी लांबलचक भाषण, मग वडापाव, आणि वडापावाबरोबर कसल्याशा नव्या योजनेचा फॉर्म. वडापाव तेवढा खाल्ला आणि चिडून घरी आले. पुढे ऑफिसातून आल्यावर मटार सोलता सोलता मोबाइलवर याच विषयावरचे कार्यक्रम ऐकत गेले. डोळे मिटायचे, की मागे जाऊन पुन्हा ऐकायचं. कळलं ते फार अवघड नव्हतंच. विमा घ्यायचा तो आपल्यामागे कुणाचं अडू नये म्हणून, बचत वेगळी करायची, आणि पैसे कुठेही घालण्याआधी ते आपल्याला लागणार कधी, हे बघायचं. पन्नाशीला टेकल्यावर हे कळण्यात कौतुक कसलं?

नवऱ्याला सांगितलं, यंदा पॉलिसीत घालायचे पैसे पहिल्या वर्षाच्या फीला ठेवायचे. तो म्हणाला, "त्याला तूच सांग."

या मार्चला भाऊजी आले. पोहे झाले, फॉर्म निघाला.

"भाऊजी, यंदा नाही जमणार. पोरीची फी भरायचीय," मी म्हटलं. नवरा पेपरात तोंड घालून बसला होता.

"टेन्शन काय घेता वहिनी, तिच्यासाठीच तर आहे हे!"

माझं डोकं फिरलं. "मग तुमच्या पोरीसाठी तुम्ही किती घेतल्यात?"

भाऊजींनी पेनाला टोपण लावलं. "बऱ्याच आहेत. टार्गेट पुरं होत नाही ना, मग स्वतःच्याच नावावर काढतो. आता हप्ते झेपत नाहीत." मग म्हणाले, "पोरीचं कॉलेज यंदा थांबवलंय."

मला त्यांचं फार वाईट वाटलं. हात फॉर्म नवऱ्यापुढे सरकवायलाच निघाला होता, इतक्या वर्षांची सवय ती. पण आतल्या खोलीत आमची मुलगी बायोलॉजीच्या पेपरासाठी मोठ्याने पाठ करत होती. मी उठले आणि पोह्यांच्या बशा उचलल्या.

भाऊजी नेहमीसारखंच "येतो" म्हणाले. नवरा त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेला आणि परत आल्यावर पुन्हा पेपर उघडून बसला. आमच्या मुलीची फी त्यांच्या मुलीच्या ताटातून काढून घेतल्यासारखं मला वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना बँकेत थांबले आणि फीचे पैसे ठेवून आले.