मी न लावलेला ठिपका

चितेगावच्या कारखान्यात मी क्वालिटीत होते. तिथं तपासलेल्या बोल्टवर रंगाचा ठिपका द्यायची पद्धत होती. ठिपका ज्याचा, जबाबदारी त्याची. नोकरी सोडल्यावर मी उस्मानपुऱ्यात जुने लॅपटॉप दुरुस्त करायला जायला लागले, तेव्हा ही पद्धत सोबत नेली. रंगाऐवजी नेलपॉलिश वापरायचे. चॉकलेटी रंगाची एक बाटली कुणीतरी भेट दिली होती, आणि माझ्या बोटांना तिचा काही उपयोग नव्हता.

उस्मानपुऱ्यातली जागा माझ्या मैत्रिणीची. निवृत्त शिक्षिका. तिचे विद्यार्थी अर्ध्या शहराच्या ऑफिसांत बसलेले, त्यामुळे टाकाऊ लॅपटॉप तिच्याकडे आपोआप यायचे. तिच्या घराच्या खालच्या खोलीत आम्ही ते उघडायचो, नीट करायचो आणि आसपासच्या तालुक्यांतल्या शिकणाऱ्या मुलींना फुकट द्यायचो. पूर्वी टीव्ही-रेडिओचं दुकान असलेले एक चाचा डाग द्यायचे, म्हणजे सोल्डरिंग. मैत्रीण माणसं सांभाळायची. तपासणी माझी. पंखा साफ करायचा, मेमरीची चाचणी पूर्ण होऊ द्यायची, बॅटरी भरून पुन्हा संपवायची, एकेक बटण दाबून बघायचं. सगळं जमलं की मागच्या बाजूला, बिजागरीजवळच्या स्क्रूवर एक ठिपका. त्याशिवाय लॅपटॉप दाराबाहेर जायचा नाही. मुलींनाही ते माहीत होतं. एक जण तर लॅपटॉप हातात घेतल्यावर आधी उलटा करून बघायची.

मार्चमध्ये वाटपाचा कार्यक्रम ठरला. मोठे पाहुणे येणार होते. त्याच सुमारास माझ्या जावेच्या मुलीचं लग्न होतं, मी हळदीला गावी गेले. परत आले ती थेट कार्यक्रमालाच. टेबल लॅपटॉपनी भरलेलं. मी गावी गेले तेव्हा एवढे तयार नव्हते.

"एवढे कधी झाले?" मी विचारलं.

"तू काय एकटीच शहाणी? आम्हीपण हात चालवतो," मैत्रीण म्हणाली आणि माझ्या हातात पाहुण्यांची शाल दिली. "ही धर आधी."

मला बरं वाटलं. खरंच वाटलं. आपल्याशिवाय काम होतंय, ही चांगलीच गोष्ट.

काही आठवड्यांनी सोयगावहून एका मुलीचा फोन आला. बीएस्सी झालेली, घरी मेंढरं, वडील वर्षातला बराच काळ कळप घेऊन बाहेर. तिला पुण्याच्या एका कंपनीत घरून काम करायची नोकरी मिळत होती. मुलाखत ऑनलाइन होती, त्यातच कॉम्प्युटरवर काम करून दाखवायचं होतं.

"मॅडम, लॅपटॉप लई गरम होतो अन् फटकन बंद पडतो. मुलाखतीत दोनदा पडला."

"गादीवर ठेवला असशील. खालून हवा मिळत नाही मग."

"नाय मॅडम. टेबलावरच व्हता."

"ठिपका आहे ना मागं?"

"व्हय, हाय की."

"मग लॅपटॉपमध्ये काही नाही. तुमच्याकडची लाइट वरखाली होत असेल."

ती म्हणाली, कंपनीनं सोमवारी आणखी एक संधी दिलीय, शेवटची. मी म्हटलं, शनिवारी घेऊन ये.

शनिवारी ती पहिल्या एसटीनं आली. मी लॅपटॉप उलटा केला. ठिपका होता. पण एक नव्हता, सगळ्या स्क्रूंवर होता, हळदीकुंकवाची बोटं ओढल्यासारखा. नख लावलं तर सोलून आला, खाली धूळ. मी स्पिरिटनं पुसल्याशिवाय ठिपका देत नाही. झाकण काढलं. पंख्यात कापसाचा तंतू गच्च बसलेला. तो लॅपटॉप जिनिंगच्या ऑफिसातून आला होता. आला तसाच गेला होता.

चाचा शेजारी बसले होते. मी त्यांच्यापुढे तो पंखा धरला.

"बाजी, ये कैसा निकल गया?" ते म्हणाले. "साफ नहीं किए थे क्या?"

"ठिपका कुणी लावला, चाचा?"

त्यांनी माझ्याकडं नवलानं बघितलं. "उस दिन आप इच तो बोले थे ना फोन पे? बाकी के देख लिये, बस ठिपके लगा देव करके. बडी मॅडम तो येइच बोले हमकू."

मी मैत्रिणीला असा फोन केला नव्हता.

मुलीला तिथंच बसवून मी वर गेले. मैत्रीण मेथी निवडत होती.

"अगं, बस," ती म्हणाली.

मी उभीच राहिले. "सोयगावच्या मुलीला दिलेला लॅपटॉप तपासलेला नव्हता."

"टेबलावर मधेमधे रिकामं दिसलं असतं. पाहुण्यांना किती लॅपटॉप सांगितले होते, माहितीय ना तुला?"

"म्हणून माझा ठिपका लावलास?"

"ठिपकाच तर आहे. त्याचं एवढं काय?" तिनं एक काडी बाजूला टाकली. "तुला विचारलं असतं तर तू दिले असतेस?"

"नसते दिले."

"बघ. म्हणूनच नाही विचारलं."

तिच्या बाजूनं हिशोब सरळ होता. कित्येक वर्षं आम्ही एका ताटात जेवलो होतो. माझ्या नवऱ्याच्या आजारपणात दवाखान्यात ती माझ्या आधी पोचायची. त्याच घरात माझं नाव सांगून चाचांकडून काम करून घेतलं होतं, आणि तिला ते लपवण्याइतकंही मोठं वाटत नव्हतं.

"आणखी कुठले कुठले?" मी विचारलं.

"आता ते उकरू नकोस. चाललेत ना बाकीचे?"

मी खाली आले. कपाटातला एक बरा लॅपटॉप काढला, मुलीच्या समोर उघडला, पंखा साफ केला, मेमरीची चाचणी लावली. ही चाचणी तासन् तास चालते. मी तिला म्हटलं, जेवून ये.

"नगं. मी बघत बसते," ती म्हणाली आणि पडद्यासमोर खुर्ची ओढली.

दुपारी मैत्रीण चहा घेऊन खाली आली. मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. "काळजी करू नको बाळा. या मॅडमची तपासणी म्हणजे एकदम पक्की."

"व्हय," मुलगी म्हणाली. "मागल्या बारीला बी आसंच सांगितलं व्हतं."

"तो मी तपासलेला नव्हता," मी म्हटलं.

मुलीनं माझ्याकडं बघितलं. मी मैत्रिणीकडं. बोलायला तिला एवढी मोकळी जागा दिली होती.

"गडबडीत राहिला असेल एखादा हिच्याकडून," मैत्रीण म्हणाली. "हिच्या घरी लग्न होतं ना तेव्हा." आणि कप गोळा करायला लागली. चाचा तारेचं रीळ उलगडत राहिले.

"माझ्याकडून नाही राहिला," मी म्हणाले. "मी इथं नव्हतेच. ठिपका दुसऱ्यानं लावला."

मैत्रिणीनं कप ट्रेमध्ये ठेवले. मुलीला यात काही रस नव्हता.

"कुनी लावला त्याचं मी काय करू, मॅडम? ह्यो सोमवारी चालंल का, तेवढं सांगा."

"चालेल."

तिनं मान हलवली, पण उठली नाही. चाचणी संपली, बॅटरी उतरली, मग कॅमेरा, मग माइक. प्रत्येक बटण तिनं स्वतः दाबून बघितलं. मी हात मागं घेतले. शेवटच्या एसटीला ती निघाली, तेव्हा मी पण निघाले. मैत्रीण वर होती. मी हाक मारली नाही.

रविवारी मी त्या कार्यक्रमात लॅपटॉप मिळालेल्या मुलींना फोन करत बसले. आपल्या कामाचं नाव खराब होईल, फोन करू नकोस, असा मैत्रिणीचा निरोप आला होता, तरीही. काही लॅपटॉप परत बोलावले. सोमवारी संध्याकाळी सोयगावला फोन लावला. मुलीनं स्वतःहून केला नव्हता.

"झाली का मुलाखत?"

"झाली. नाय पडला बंद."

"काय म्हणाले?"

"कळवतो म्हनले." मग तिनंच सांगितलं, "कॉलेजातल्या सरांचा लॅपटॉप बी मागून आणला व्हता, तासाभरापुरता. बाजूला चालू करूनच ठेवला व्हता."

"बरं केलंस," मी म्हणाले.