भोरची शेवंती

साठ सालच्या आसपास, एका श्रावणात, आमच्या महाडच्या परसातला शेवंतीचा वाफा रिकामा झाला. वाफा नव्या वहिनीचा होता. लग्नानंतर पहिल्या खेपेलाच तिने भोरच्या माहेरून शेवंतीचे फुटवे ओल्या फडक्यात बांधून वरंध घाटाने आणले होते. नव्या सुनेने आषाढात सासरी राहू नये म्हणून ती माहेरी गेली, आणि परतली तेव्हा वाफ्यात नुसतं पाणी साचलेलं होतं. तिने हातातली पिशवीही खाली ठेवली नाही. "सासूबाई, माझी शेवंती उपटलीत?" आई तांदूळ निवडत होती. "महाडचा पाऊस भोरच्या रोपांना विचारून पडत नाही. पडवीत बघ." पडवीत फुटक्या मडक्यांतून सगळी रोपं उभी होती, पण प्रत्येकाचा शेंडा खुडलेला. "आता काय फुलणार ही," म्हणून वहिनी खोलीत गेली आणि रात्री जेवायला आली नाही. आई दाराशी जाऊन म्हणाली, "शेंडा ठेवला तर एकच फूल येतं. एका फुलाची वेणी करणार होतीस का?" दिवाळी सरली आणि मडकी पिवळ्या फुलांनी भरली. शेवंतीच्या पानांचा कडवट वास पडवीभर राहिला. पहिली वेणी वहिनीने आईच्या अंबाड्यावर स्वतः माळली. काल बाजारात तोच वास आला आणि हे सगळं आठवलं. वहिनीच्या माहेरची, भोरची मूळ रोपं पुढे एका उन्हाळ्यात वाळली. तेव्हा आईने ओल्या फडक्यात बांधलेले फुटवे महाडहून घाट चढून गेले.